प्रमाणपत्र मागणाऱ्या संगणकाला वठणीवर कसं आणावं

संदेश वाचायचा नाही. बाकीचं पुढं सांगतोच, पण एवढं आत्ताच पक्कं करा. हिशोबाचं सॉफ्टवेअर अपडेट करायला घेतलं आणि 'सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र ग्राह्य नाही' अशी चौकट पडद्यावर आली, की मोबाइलवर तिचा तिरका फोटो काढावा. ट्यूबलाइटची तिरीप नेमकी मजकुरावर येईल याची काळजी घ्यावी आणि 'अर्जंट' लिहून तो चौघांना धाडावा. चौकटीतला मजकूर वाचत बसलात तर काय बिघडलंय ते कळून जाण्याचा धोका असतो.

मुहूर्तही नीट काढा. जीएसटीची विवरणपत्रं दरमहा भरणाऱ्यांना जीएसटीआर-वन ११ तारखेला, थ्रीबी २० तारखेला. तेव्हा अपडेटला हात घालायचा तो २० तारखेच्या संध्याकाळी, सीएंचा तिसरा फोन येऊन गेल्यावर. महिन्याच्या दोन-तीन तारखेला, दुकानात सामसूम असताना निवांत अपडेट उरकणारे लोकही असतात म्हणे. उशिराच्या दिवसाला ५० रुपये मोजण्यातली झिंग त्यांना काय कळणार.

आता समजा, तुम्ही सांगलीत वसंतदादा मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर आहात. सौदे आटोपलेत, हमाल पाण्याच्या टाकीपाशी हातपाय धुताहेत, आणि दिवाणजी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, करायला बसलेत. कीबोर्डवर हळदीचा थर असा बसलाय की अक्षरं सवयीनंच सापडतात. एंटरचं बटण तेवढं बोटानं घासून काळंभोर राहिलंय. सीपीयूच्या डोक्यावर उदबत्तीचं घर, आणि राख थेट हवेच्या जाळीत. अशा यंत्रानं तुम्हाला प्रमाणपत्राबद्दल प्रश्न विचारावा म्हणजे उद्धटपणाच की हो.

याच अडतीवर परगावचा एखादा नवा व्यापारी आला आणि वीस पोती उधारीवर मागू लागला, तर मालक काय करतात? चहा पाजतात आणि विचारतात, "कुणाच्या ओळखीनं आलासा?" त्यानं नाव सांगितलं की त्या माणसाला फोन लावतात. पाहुण्यानं पुढं केलेल्या मोबाइलवरून नाही, स्वतःच्या वहीतला नंबर काढून. संगणकही बिचारा तेवढंच करतो. अपडेट देणारा सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो आणि संगणक तीन गोष्टी बघतो: ज्याच्याकडं निघालो त्याचंच नाव आहे का, मुदत चालू आहे का, आणि खाली सही करणारा आपल्या स्वतःच्या यादीत आहे का. तिन्हींतलं एक जरी फसलं तरी तो माल आत घेत नाही. मालकांनी असं केलं की तो धंद्यातला मुरब्बीपणा, संगणकानं केलं की 'यड लागलंय त्येला'.

तेव्हा आधी मुदतीचं बघू, कारण आपल्याकडची निम्मी दुखणी तिथंच सुरू होतात.

मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, बहुधा सीआर २०३२. वीज बंद असताना संगणकाचं घड्याळ तीच चालवते. ती संपली की रात्री दुकान बंद करताना तुम्ही मेन स्विच पाडलात, आणि सकाळी यंत्र उठतं ते थेट २०१० सालात. दिवाणजी रोज सकाळी कॅलेंडरचं पान फाडतात, गणपतीला फूल वाहतात, काल कुठल्या गाळ्यावर काय भाव फुटला तेही त्यांना तोंडपाठ असतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली मात्र कुणाची नजर जात नाही. संगणक २०१० सालात बसलेला, प्रमाणपत्र यंदाचं. तो म्हणतो, हे अजून लागूच झालेलं नाही. त्याच्या हिशोबानं त्याचं बरोबर आहे.

अशा वेळी बॅटरी मुळीच बदलू नका. बाजारात जावं लागतं, स्क्रू काढावे लागतात, आत साठलेली धूळ बघून मन खिन्न होतं. त्यापेक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या नावानं बोटं मोडा.

उलट, प्रमाणपत्राची मुदत खरोखरच संपली असेल, तर आपली पिढीजात विद्या कामी येते. घड्याळ मागं घ्या! स्टँपपेपरपासून ठरावाच्या वहीपर्यंत आपण कुठं कुठं तारीख मागं नेलेली नाही? दोन वर्षं मागं जा, संदेश गेलाच म्हणून समजा. आता त्याच संगणकावर बँकेचं पान उघडणार नाही, ई-वे बिलाचं उघडणार नाही, कारण त्यांची प्रमाणपत्रं तुमच्या या नव्या जुन्या तारखेला जन्मालाच आलेली नसतील. पण एका वेळी एकच काम करावं. दुकान प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी मजा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक फेरफाराची तारखेनिशी नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. पुढच्या वर्षी ऑडिटर विचारतील, की हे बिल तयार व्हायच्या आधी दोन वर्षं दुरुस्त कसं झालं. तेव्हा चहा सांगा, भडंग मागवा.

ही विद्या जपून ठेवा, पुढं फार लागणार आहे. वेबसाइटच्या प्रमाणपत्राचं आयुष्य २०२० च्या सप्टेंबरपासून जास्तीत जास्त ३९८ दिवस ठरलं. १५ मार्च २०२६ पासून ते २०० दिवसांवर येतं, २०२७ च्या मार्चपासून १०० वर, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर. सांगलीजवळ हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं राहायची, आणि इथं साधा कागद दोन महिने टिकत नाही. कुणाची खोटी सही उघडकीला आली तर ती लवकर बाद व्हावी, म्हणून हा खटाटोप. तुम्ही एवढ्या खोलात जाऊ नका.

नाव जुळत नाही, हा दुसरा प्रकार. हा बहुतेक वेळा केबलवाल्याच्या कृपेनं होतो. इंटरनेटचा प्लॅन संपलेला असतो आणि तुम्ही कुठलाही पत्ता टाका, काही ठिकाणी जोडणी परस्पर रिचार्जच्या पानाकडं वळवलेली असते. संगणक निघाला अपडेटच्या सर्व्हरकडं, दारात भेटला केबलवाला. नावं जुळणार कशी? इथं रिचार्ज करून सगळी गंमत घालवू नका. विंडोज पुन्हा टाकायला द्या, दोन दिवस सहज जातात.

तिसरा प्रकार सही करणाऱ्याचा. तुमचं विंडोज सेव्हन असेल तर अभिनंदन. १४ जानेवारी २०२० ला त्याची देखभाल थांबली आणि तुमचं अजून चाललंय, यातच सगळं आलं. जुन्या यंत्रात ओळखीच्या साक्षीदारांची यादीही जुनीच राहते, आणि साक्षीदारांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला 'डीएसटी रूट सीए एक्स३' नावाच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत सरली, तेव्हा जगभर चांगली चालणारी जुनी यंत्रं एका दिवसात 'मी यांना ओळखत नाही' म्हणू लागली. शिवाय सर्व्हरशी सुरक्षित बोलायची भाषा म्हणजे टीएलएस. या विंडोज सेव्हनला तिचं १.२ येतं, पण ते आपण चालू केल्याशिवाय बऱ्याच कामांना वापरत नाही. आणि टीएलएस १.० व १.१ तर मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले. म्हणजे संगणक आणि सर्व्हर, दोघांची भाषाच जुळत नाही, आणि वरून संदेश येतो प्रमाणपत्राचा. विंडोज टेनवाल्यांनी हसू नये, त्यांचीही नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

यावर रामबाण उपाय म्हणजे पुण्याचा भाचा. तो आयटीत आहे. नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही ठाऊक नाही, पण आयटीत आहे. तो कुठूनतरी एक फाइल मिळवून व्हॉट्सॲपवर पाठवतो.

"मामा, ही उघडा, ट्रस्टेड रूटमध्ये टाका आणि येस म्हणा."

"त्यानं काय हुतंय?"

"एरर जातोय की."

एरर जातो, यात खोटं काही नाही. त्या फाइलनं तुमच्या संगणकाच्या ओळखीच्या यादीत एक नवा साक्षीदार बसतो, आणि पुढं तो कुणाच्याही नावाच्या कागदावर सही करो, बँकेच्या, जीएसटीच्या, तुमचा संगणक मान डोलावतो. ज्या मालकांनी सख्ख्या भावाला अजून चेकवर सही करू दिलेली नाही, ते हा अधिकार कुणाला दिला हे न विचारता 'येस' दाबतात. उदारपणा म्हणतात तो हाच.

भाच्याचा फोन लागला नाही तर अँटीव्हायरस बंद करा. इथं मात्र तुमचा तर्क चुकून बरोबर ठरू शकतो, म्हणून सावध करतो. काही अँटीव्हायरस येणारी-जाणारी सगळी पाकिटं फोडून बघतात आणि स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र लावून पुढं सरकवतात. ब्राउझर ते खपवून घेतो, हिशोबाचं सॉफ्टवेअर एखादे वेळी घेत नाही. तेव्हा त्यातली ती एकच तपासणी अपडेटच्या पत्त्यापुरती वगळता येते. तसं करू नका. अख्खा अँटीव्हायरस बंद करा आणि पुन्हा चालू करायला विसरा. मार्चअखेरीला आठवण होईलच.

पेनड्राइव्हवरून आलेली 'फुकटची' प्रत वापरणाऱ्यांना तर मी सल्ला द्यावा एवढी माझी पात्रता नाही. तिच्यातल्या क्रॅकनं, म्हणजे लायसन्सचं कुलूप फोडणाऱ्या तुकड्यानं, कंपनीच्या सर्व्हरचा पत्ताच होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या पत्त्यांच्या वहीत, परस्पर फिरवून ठेवलेला असतो. तो संगणक अपडेट मागायला निघतो, फिरून स्वतःच्याच दारात येतो आणि तिथं कुणी ओळखीचं नाही म्हणून तक्रार करतो. तरीही अपडेट हवं असतंच. चिकाटी शिकावी तर यांच्याकडून.

कुणी भित्रा माणूस तुम्हाला २०१७ सालची युक्रेनची गोष्ट सांगेल. तिथं एम.ई.डॉक नावाचं कर-हिशोबाचं सॉफ्टवेअर घरोघरच्या धंद्यात होतं. घुसखोर त्या कंपनीच्या अपडेट यंत्रणेतच शिरले आणि २७ जूनला नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम सुटला, तो त्याच वाटेनं. जहाजवाल्या मर्स्क कंपनीनं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं. आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्याच समूहाचं एक टर्मिनलही त्या आठवड्यात अडकून पडलं. इकडं तीन-चार दिवसांत, १ जुलैला, जीएसटी लागू होणार होता आणि अख्खा यार्ड नवं सॉफ्टवेअर टाकण्यात गुंतला होता, त्यामुळं युक्रेनकडं बघायला इथं सवड कुणाला होती?

पण त्या गोष्टीतला मुद्दा भित्र्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्या लोकांनी कुठला इशारा डावलला नव्हता. अपडेट नेहमीच्या दारानं आलं, त्यांनी नेहमीसारखं घेतलं. कुणी थांबवलंच नाही बिचाऱ्यांना. तुम्हाला तर संगणक आपणहून थांबवतोय, लाल अक्षरांत सांगतोय, आणि शेजारीच 'तरीही पुढे जा' अशी सोय करून देतोय. एवढी चांगली सोय वाया घालवणं बरं नव्हे.

काही मंडळी या सगळ्यावर फारच अरसिक मार्ग सांगतात. कोपऱ्यातली तारीख, वेळ आणि वर्ष बघा, वर्षसुद्धा. चूक असेल तर दुरुस्त करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकलं तर बॅटरी बदला. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर चाललं तर दोष तुमच्या जोडणीत आहे. ब्राउझरमध्ये कंपनीचा पत्ता टाकून प्रमाणपत्र उघडा, कुणाला दिलंय, कुणी दिलंय, कधीपर्यंत आहे ते वाचा. तुमचं सगळं ठीक असून प्रमाणपत्रच शिळं निघालं तर कंपनीला कळवा आणि थांबा, ते त्यांनीच बदलायचं असतं. विंडोजची राहिलेली अपडेटं आधी उरकून घ्या. आणि काही करण्याआधी डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा. असलं काही करायला लागलात तर तासाभरात काम उरकतं आणि संध्याकाळी गणपती मंदिराकडं चक्कर मारून यायलाही वेळ उरतो. मग दिवाणजींवर ओरडायचं कशावरून?

त्यापेक्षा गूगलवर सॉफ्टवेअरचं नाव आणि पुढं 'कस्टमर केअर' टाका. लायसन्सच्या बिलावर छापलेला नंबर शोधायला कपाट उघडावं लागतं, इथं पहिलाच नंबर तयार असतो. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलतो, हिंदीत 'सर, सर' करतो, एवढा मान सीएसुद्धा देत नाहीत. तो संगणक लांबून चालवायचं एक ॲप टाकायला सांगेल, टाका. प्रमाणपत्राचा एरर तो मिनिटात घालवेल. मग रिफंडेबल दहा रुपये भरायला सांगेल. बँकेचा पासवर्ड मॉनिटरच्या खाली पट्टीवर लिहिलेला आहेच, तो दिवाणजींना मोठ्यानं वाचायला सांगा. ओटीपी सावकाश सांगा, त्यालाही लिहून घ्यावा लागतो.

पैसे गेल्यावर लगेच फिरवायचा सरकारी नंबर १९३० आहे, पण तो कुठं लिहून ठेवू नका. गरज पडली की गूगल करा आणि वर पहिला दिसेल तो लावा.