मालदीव उघडलं, आमचंच घोडं अडलं

भाच्याला पुण्यात घरी बसून काम करायची सवय लागली, तेव्हापासून त्याला आमच्या घरातल्या रिकाम्या खोल्या दिसायला लागल्या. "मामी, १५ जुलैला मालदीव उघडलं!" २०२० च्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. मला वाटलं धरणाचे दरवाजे. आमच्याकडे जुलैत उघडण्यासारखं तेवढंच असतं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या वाघांच्या जंगलाच्या बफरला, म्हणजे बाहेरच्या पट्ट्याला, लागून. मार्चमध्ये देशाला कुलूप लागलं तसं गावानंही स्वतःला बंद करून घेतलं. वेशीवर बाभळीच्या काट्या, त्यापुढे आडवी बैलगाडी, आणि बैलगाडीवर पहाऱ्याला पोट्टे. माझा सख्खा भाऊ वरोऱ्याहून सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या घेऊन आला, तर त्याला काट्यांच्या पलीकडूनच पिशवी फेकायला लावली. पोट्ट्यांनी ती झेलली, आणि मग कोरोना हाताला लागला म्हणून नाल्यावर जाऊन अंघोळी केल्या. अशा गावात भाच्याला होम-स्टे काढायचा होता.

त्याचं म्हणणं, जगातली बेटं उघडतायत तर आपण का मागे? मालदीवला विमानतळावरच व्हिसा. अमेरिकेच्या हवाई बेटांवर बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस कोंडून ठेवत होते. १५ ऑक्टोबरपासून प्रवासाच्या आधी बहात्तर तासांच्या आतली निगेटिव्ह चाचणी असेल तर ते कोंडणं माफ. तिथल्या काही हॉटेलांनी म्हणे एकदाच चालेल अशी चावी दिली होती. पाहुणा खोलीतून बाहेर पडला की परत आत जायची सोय नाही. हे ऐकून यांना फार आवडलं. आमच्या दाराला कडी-कोयंडा, आणि कुलपाची किल्ली माझ्या सासऱ्यांच्या काळात हरवलेली.

नियम वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण चष्मा माझाच धड होता. राज्यात ८ जुलैपासून हॉटेलं, लॉज उघडले, पण तेहतीस टक्केच खोल्या भरायच्या. आमच्या खोल्या दोन. भाच्यानं कॅल्क्युलेटरवर हिशेब केला तर पाऊण खोलीसुद्धा भरेना. तेवढ्यात बाज मावली असती, पाहुण्याचे पाय ओसरीवर आले असते.

खरं सांगू का, मालदीवचं सोपं होतं. एका बेटावर एकच रिसॉर्ट, चहूकडे पाणी. पाहुणा विमानातून उतरला की होडीत, होडीतून उतरला की खोलीत. तरी त्यांनीही लोकवस्तीच्या बेटांवरची गेस्ट हाऊस मागे ठेवली होती, ती ऑक्टोबरच्या मध्यावर उघडली. बरोबरच आहे. रिसॉर्टच्या बेटावर सासू नसते, शेजारीण नसते, ग्रामपंचायत नसते. आमच्या वेशीवर काट्या होत्या खऱ्या, पण गावात शिरायला पांदण आहे, नाला आहे, आणि कुणाच्याही वावरातून निघणारी पायवाट आहे. पहारा फक्त डांबरी रस्त्यावर.

१ ऑक्टोबरला ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं जंगल, उघडला आणि आमच्याकडे मुंबईचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको, बारा वर्षांचा मुलगा आणि आजोबा. गाडीतून आधी सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन उतरला, मग माणसं. आमच्याकडची थर्मामीटरची बंदूक यांच्या हातात. आजोबांच्या कपाळावर धरली तर आकडा एवढा खाली, की त्या हिशेबानं माणूस उभा राहायला नको. खात्री करायला यांनी ती गोठ्यातल्या म्हशीच्या कपाळावर धरली. म्हैस आणि आजोबा सारखेच निघाले. दोघांनाही आत घेतलं.

पाहुण्यांतल्या वहिनी स्वभावानं चांगल्या, पण हातात सॅनिटायझरची फवारणी. दाराची कडी, बाज, रांजणाचं झाकण, सगळ्यांवर फुस्स. मी पाटोडीच्या रश्श्याला फोडणी घालत होते, तर त्या मागून आल्या आणि "काकू, ओटा पुसून घेते हं" म्हणत चुलीशेजारी फवारा मारला. भपकन जाळ! माझ्या पदराचं टोक आणि त्यांच्या भुवयांचे शेंडे एकदमच गेले. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "आग लावाले आली का वं बाई? आधीच पराटीले बोंडअळी लागली, आता घर बी जाळतं!"

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. पासष्टच्या वरच्यांना सफारीला मनाई. जिप्सी बाकीच्यांना घेऊन गेली आणि आजोबा राहिले आमच्याकडे. पोरानं जाताना तोंडाला दोन मास्क लावले. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधल्या वाघिणीला कोरोना झाला होता, आपल्यामुळे इथल्या वाघाला नको, असं त्याचं म्हणणं. सासूबाई म्हणाल्या, "वाघाले झाला तं त्याले कोरंटीन कोण करन? सरपंच?"

मग आजोबा ओसरीच्या या टोकाला, सासूबाई त्या टोकाला. मधे यांनी खडूनं रेघ मारलेली. दोघांनाही कमी ऐकू येतं, दोघांच्याही तोंडाला फडकं. आजोबांनी गुडघेदुखीचं सांगितलं, सासूबाईंनी ते गुराढोरांचं समजून गोचिडीवरचा उपाय सांगितला. "तेल लावा, अन् चोळा जोरात!" आजोबांनी लगेच लिहून घेतलं. दुपारपर्यंत रेघ मोडून दोघं एकाच ताटलीतले भाजलेले भुईमूग सोलत बसले होते. संध्याकाळी वहिनींनी हे पाहिलं आणि कॅनकडे धावल्या. त्यांच्या घरच्यांना सफारीत वाघ दिसलाच नाही. आजोबांना मात्र रोडगे, वरण आणि तेलाची बाटली मिळाली, आणि आमचं पहिलं पाच ताऱ्यांचं मत त्यांनीच दिलं.

त्यानंतर गावाचं लक्ष आमच्या पाहुण्यांवर. कोण आला, शिंकला का, कागद दाखवला का. जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या, तेव्हा दिवसभर घरोघर हात जोडत, रात्री एका पंगतीत सगळे पॅनल जेवत होते. मास्क होते, पण पुढाऱ्याचा चेहरा दिसायला हवा म्हणून हनुवटीवर. त्याच पंगतीत बसून एका उमेदवारानं मला विचारलं, "वहिनी, तुमच्या पाहुण्यांची टेस्ट झाली ना? गावाच्या जीवाचा प्रश्न हाय."

फेब्रुवारीत पारडं फिरलं. अमरावती, यवतमाळला रुग्ण वाढले, २२ तारखेपासून अमरावतीत लॉकडाऊन. मग पुण्या-मुंबईचे बुकिंगवाले फोन करून विचारू लागले, "तुम्ही विदर्भात ना?" चंद्रपूर ते अमरावती अंतर किती, हे सांगण्यात माझा आठवडा गेला. भाच्यानंच सुट्टीत येणं रद्द केलं, आणि वर "काळजी घ्या" असा मेसेज.

जुलैत पुन्हा त्याचा फोन. आता थायलंडचं फुकेत उघडलं होतं, १ जुलै २०२१ पासून. लस घेतलेला परदेशी पाहुणा चौदा रात्री त्या बेटावर काढणार, मगच देशात दुसरीकडे फिरायला मोकळा. "मामी, आपणही चौदा रात्रींचं पॅकेज काढू!"

फोन स्पीकरवर होता. सासूबाई सूप पाखडता पाखडता थांबल्या. "चवदा रात्री? अरे, जावई बी चार दिसाच्या वर राहिला तं मी त्याले वावरात धाडतो. येऊ दे. सोयाबीनचं निंदण पडलंच हाय."

भाचा म्हणाला, याला ॲग्रो टुरिझम म्हणतात, लोक त्याचे वेगळे पैसे देतात. यांनी तसं जाहिरातीत घालायला सांगितलंय. निंदणाची मजुरी आम्ही पाहुण्याला द्यायची की पाहुण्यानं आम्हाला, यावरून मात्र मायलेकांचं अजून जमलेलं नाही.