रविवारी जिंकलं की सोमवारी विकतं?

मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या, खड्ड्या-उड्यांच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचा विषय निघाला की एक मजकूर हमखास या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: डर्ट बाइक कंपन्यांचं गणित सोपं आहे, रविवारी जिंका आणि सोमवारी विका. चॅम्पियन ज्या गाडीवर, गिऱ्हाईक त्या गाडीमागे. शर्यतीतली गाडी आणि शोरूममधली गाडी यांच्यात साम्य फक्त स्टिकरचं. केटीएम, हस्क्वार्ना आणि गॅसगॅस ही तर एकच गाडी, तीन रंगांत. थोडक्यात, ब्रँडनिष्ठा म्हणजे जाहिरातीने घातलेलं गारूड.

पाच विधानं, पाचही छातीठोक. त्यातलं एक बरंचसं खरं आहे, एक चाळीस वर्षांपूर्वी खरं होतं. बाकीच्यांची गत काय होते ते बघू.

रविवार-सोमवारची म्हण मूळची डर्ट बाइकची नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या कार-शर्यतींत ती रूढ झाली आणि मग दोन चाकांवर आली. ती खरी असती तर आज कॅन-ॲम ही मोटोक्रॉसमधली बलाढ्य कंपनी असती. कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीची ही गाडी. 1974 साली अमेरिकेच्या 250 सीसी राष्ट्रीय मोटोक्रॉस मालिकेत पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही क्रमांक कॅन-ॲमच्या रायडरांनी घेतले: गॅरी जोन्स, मार्टी ट्रिप्स आणि जिमी एलिस. याहून मोठा रविवार कुठला असणार? पण सोमवार काही उजाडला नाही. 1980 च्या दशकात बॉम्बार्डिएने मोटरसायकलचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं आणि 1987 मध्ये कॅन-ॲमच्या मोटरसायकली बंद झाल्या.

जुनं उदाहरण नको असेल तर 2024 घ्या. त्या वर्षी अमेरिकेचं 450 सीसी मोटोक्रॉस विजेतेपद चेस सेक्स्टनने केटीएमवर जिंकलं. एमएक्सजीपीचं, म्हणजे जागतिक मोटोक्रॉसच्या मोठ्या गटाचं, विजेतेपद होर्खे प्रादोने गॅसगॅसवर, त्याखालच्या एमएक्स2 गटाचं के डी वोल्फने हस्क्वार्नावर. तिन्ही ब्रँड ऑस्ट्रियातल्या एकाच समूहाचे. ट्रॉफ्यांनी कपाट भरलं होतं, आणि न खपलेल्या गाड्यांनी गोदामं. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएमने दिवाळखोरीच्या कार्यवाहीसाठी अर्ज केला. जानेवारी 2025 मध्ये डॅनियल सँडर्सने केटीएमवर डाकार रॅली जिंकली तेव्हा कंपनीचं भवितव्य कोर्टात आणि देणेकऱ्यांच्या हातात होतं. देणेकऱ्यांना शेवटी 30 टक्क्यांवर समाधान मानावं लागलं आणि बजाज ऑटोने पैसे ओतले म्हणून कारखाना तगला. केटीएम मोटोक्रॉसमुळे बुडाली असं मी म्हणत नाही. कोव्हिडच्या काळातल्या मागणीवर विसंबून गाड्या वाजवीपेक्षा जास्त बनल्या, हे त्यातलं मोठं कारण. माझा मुद्दा एवढाच की इतके रविवार जिंकूनही सोमवार हाती लागला नाही.

उलट बाजूचं उदाहरणही आहे, ते लपवत नाही. होंडाची सीआर250एम एल्सिनोर आली आणि 1973 मध्ये याच गॅरी जोन्सने तिच्यावर राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ती गाडी अमेरिकेत तुफान चालली. पण ती हलकी होती, भरवशाची होती, आणि तिचे सुटे भाग गावोगावच्या होंडा डीलरकडे मिळत. त्या काळात बऱ्याच युरोपियन गाड्यांसाठी साधा पिस्टन मागवायचा तरी वाट बघावी लागे. जिंकण्याने बोलबाला झाला. गाडी खपवली ती डीलरच्या काउंटरने.

हा गॅरी जोन्स दुसऱ्या विधानालाही पुरून उरतो. 1972 चं विजेतेपद त्याने यामाहावर मिळवलं, 1973 चं होंडावर, 1974 चं कॅन-ॲमवर. तीन वर्षं, तीन ब्रँड. चॅम्पियनमागे गिऱ्हाईक जात असतं तर बिचाऱ्याला दर वर्षी गाडी विकून नवी घ्यावी लागली असती.

आणि हा अपवाद म्हणावा तर नियमाचीच पंचाईत होते. रिकी कारमायकेलने 2000 ते 2006 अशी सलग सात वर्षं अमेरिकेचं मुख्य मोटोक्रॉस विजेतेपद घेतलं: दोन हिरव्या कावासाकीवर, तीन लाल होंडावर, दोन पिवळ्या सुझुकीवर. इलाय टोमॅक 2020 मध्ये कावासाकीवर सुपरक्रॉसचा, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉसचा, चॅम्पियन झाला, 2022 मध्ये यामाहावर, आणि 2026 च्या हंगामासाठी केटीएमकडे गेला. कूपर वेब त्याच्या उलट दिशेने: 2019 आणि 2021 केटीएमवर, 2025 यामाहावर. जेरेमी मॅकग्राने 1993 ते 1996 चार सुपरक्रॉस विजेतेपदं होंडाला दिली, 1997 चा हंगाम तोंडावर असताना सुझुकीकडे उडी मारली, तिथे हात रिकामाच राहिला, आणि मग 1998 पासून यामाहावर आणखी तीन घेतली.

कंपन्यांना हे ठाऊक नाही का? चांगलंच ठाऊक आहे. रायडर हा करारापुरता पाहुणा. चाहता त्याचं नाव आणि नंबर असलेली जर्सी घेतो, तो घालतो तसल्या रंगाचं हेल्मेट घेतो. रायडरने गाडी बदलली की या वस्तू त्याच्या मागून जातात, गॅरेजमधली गाडी जात नाही. गाडी बदलायची म्हणजे स्टँड, स्प्रॉकेट, एअर फिल्टर, जादा चाकं, जेटिंगच्या (इंधन-हवेच्या प्रमाणाच्या) नोंदी असा सगळा संसार बदलायचा. त्यासाठी पोस्टरवरचा चेहरा पुरत नाही.

स्टिकरचं विधान मात्र मला सगळ्यांत जास्त खुपतं, कारण त्यात इतिहास उलटा केलाय. 1986 पूर्वीच्या अमेरिकेत ते खरं होतं. फॅक्टरी टीमच्या, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या संघाच्या, ‘वर्क्स’ गाड्या हाताने घडवलेल्या असत, महागड्या धातूंच्या, कितीही पैसे मोजले तरी दुकानात न मिळणाऱ्या. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने, म्हणजे एएमएने, 1986 पासून प्रॉडक्शन रूल लावला: शर्यतीतली गाडी विक्रीच्या गाडीवरच आधारलेली हवी, फ्रेम आणि इंजिनाचं मुख्य अंग तिचंच हवं. तेव्हापासून गंमत अशी झाली की कंपनीला शर्यतीत नवी कल्पना आणायची असेल तर ती आधी तुम्हाला-मला विकावी लागते.

याचं सर्वांत नाट्यमय उदाहरण यामाहाचं. मे 1997 मध्ये लास वेगसच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीने वायझेडएम400एफ या फोर-स्ट्रोक प्रोटोटाइपवर, म्हणजे विक्रीला न आलेल्या नमुना गाडीवर, शर्यत जिंकली. तोवर सुपरक्रॉस म्हणजे टू-स्ट्रोक, हलकं आणि चटकन वेग घेणारं इंजिन. फोर-स्ट्रोक जड, आळशी, उड्यांना नालायक, अशी पक्की समजूत. नियमाने फोर-स्ट्रोकला दुपटीहून मोठ्या इंजिनाची मुभा दिली होती हे खरं, पण ती मुभा कुणाला कामी आणता येत नव्हती. प्रोटोटाइपची सवलत मर्यादित काळाची, म्हणून विक्रीची गाडी आणणं भाग होतं. 1998 ची वायझेड400एफ आली, हेन्रीने त्याच वर्षी तिच्यावर 250 गटाचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, आणि दहा वर्षांच्या आत मोटोक्रॉसच्या मोठ्या गटातून टू-स्ट्रोक जवळजवळ हद्दपार झाली. आज कुणीही 450 ची किल्ली (बरोबर, किल्ली नसते, स्टार्टरचं बटण) दाबतो तेव्हा त्या रात्रीचं देणं लागतो.

केटीएमने तर नियमासाठी वर्ष मध्येच कापलं. सुझुकीकडून पाच वेळा 500 चा जगज्जेता झालेला रॉजर डी कॉस्टर 2010 मध्ये केटीएमच्या अमेरिकी टीमची सूत्रं घ्यायला आला. पाठोपाठ रायन डन्जी आला. नवं इंजिन त्याला लगेच हवं, आणि विक्रीची गाडी असल्याशिवाय शर्यतीत उतरता येईना. म्हणून 2012 च्या मॉडेल-वर्षाच्या मध्यावरच 450 एसएक्स-एफ फॅक्टरी एडिशन विक्रीला आली. लोक तिला ‘साडेबाराची गाडी’ म्हणायला लागले. 2015 मध्ये डन्जीने केटीएमला 450 सुपरक्रॉसचं पहिलं विजेतेपद दिलं.

त्याहून जुनं उदाहरण मागच्या चाकाला दोनऐवजी एकच शॉक ॲब्सॉर्बर लावण्याचं. लुसिएन टिल्केन्स या बेल्जियन माणसाची ही कल्पना यामाहाने घेतली, 1973 मध्ये हाकन अँडरसनने तिच्यावर 250 चं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि दोनेक वर्षांत मोनोक्रॉस नावाने ती विक्रीच्या वायझेडमध्ये होती.

शर्यतीतून दुकानात चुकाही येतात. 1997 च्या सीआर250आर ला होंडाने ॲल्युमिनियमची फ्रेम दिली. दिसायला देखणी, पण इतकी ताठ की खड्ड्यांत मनगटं बोलायला लागायची. फॅक्टरी रायडर आणि साधा गिऱ्हाईक यांची तक्रार शब्दशः एकच होती. नुसत्या स्टिकरचं नातं असतं तर तक्रार एकसारखी आली नसती.

विधानातला खरा भाग असा. सस्पेन्शन वेगळं असतं आणि फरकही तिथेच सगळ्यांत मोठा असतो. फॅक्टरीचे फोर्क सामान्य माणसाला परवडत नाहीत आणि झेपतही नाहीत, ते हळू चालवणाऱ्याला दगडासारखे लागतात. जागतिक एमएक्सजीपीत प्रोटोटाइप चालतात, तिथे अमेरिकेचा नियम नाही. आणि काही ‘रेसिंग एडिशन’ खरोखरच रंग आणि ग्राफिक्सपुरत्या असतात. तेवढ्यापुरतं स्टिकर कबूल.

तीन रंगांचं विधान जवळजवळ पूर्ण मान्य. हस्क्वार्ना 2013 मध्ये बीएमडब्ल्यूकडून आली, गॅसगॅस 2019 मध्ये समूहात आली, आणि तिघींचं इंजिन आणि फ्रेम एकाच घरचं. सबफ्रेम, सस्पेन्शनची उंची, ट्रिपल क्लॅम्प, किंमत यांत फरक असतो, पण बहिणी त्या बहिणीच. फक्त हे काही ऑस्ट्रियाने शोधलेलं पाप नाही. 2004 मध्ये कावासाकी केएक्स250एफ आणि सुझुकी आरएम-झेड250 मिळून बनवलेली एकच गाडी होती, आणि कावासाकीची केएक्स65 पिवळी होऊन सुझुकी आरएम65 म्हणून खपत होती. तेव्हा हिरवे आणि पिवळे शर्यत सुटण्याच्या गेटवर एकमेकांकडे खुन्नसने बघायचेच.

त्यावरूनच गारूडाकडे येतो. गाडी एकच असूनही माणसं रंगाला धरून राहतात, मग याला गारूड नाही तर काय म्हणायचं? मी म्हणेन, मजकूर लिहिणारा सुपरक्रॉसच्या स्टेडियममध्ये बसलाय. त्याने एखाद्या हौशी शर्यतीच्या पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागी, सकाळी सहाला जाऊन बघावं.

कावासाकीने 1981 मध्ये अमेरिकेत टीम ग्रीन सुरू केली, ती हौशी रायडरांसाठी. टेनेसीतल्या हरिकेन मिल्सला 1982 पासून हौशी राष्ट्रीय स्पर्धा होते. एका गेटवर 42 गाड्या. अशा ठिकाणी कंपनीचा ट्रक उभा असतो, भागांनी भरलेला, सोबत गाडीची नस जाणणारा मेकॅनिक. तुमच्या पोराचा क्लच सरावात जळला आणि गाडी त्या रंगाची असली की ट्रकचं दार तुम्हाला उघडं. तो पोरगा पुढे चॅम्पियन होईल का, हे कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी गाडी बदलायची वेळ आली की बापाला पोस्टर आठवत नाही, ते दार आठवतं.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. यामाहाची पीडब्ल्यू50 लहानग्यांसाठी 1981 पासून आहे, पण तिच्यावरून उतरलेल्या मुलाला स्पर्धेची 65 सीसी गाडी यामाहाकडे कित्येक वर्षं मिळत नव्हती. मूल तिथे केशरी (केटीएमचं) किंवा हिरवं (कावासाकीचं) व्हायचं आणि एकदा झालं की झालं, कारण बापाच्या शेडमध्ये आता त्या रंगाचे भाग साठलेले. 2018 मध्ये यामाहाने वायझेड65 आणली ती हे भगदाड बुजवायला. केटीएमकडे 50, 65, 85, 125 अशी सलग शिडी आहे, आणि वर सात-आठ वर्षांच्या मुलांना केटीएम 50 वर भरल्या सुपरक्रॉस स्टेडियममध्ये शर्यत खेळवण्याचा कार्यक्रम तिने वर्षानुवर्षं चालवला. हे मार्केटिंग नाही असं कोण म्हणेल? चोख मार्केटिंग आहे. पण यात त्या मुलाला गाडी मिळते, ट्रॅक मिळतो, भाग मिळतात.

तिसरी कंटिन्जन्सी, म्हणजे हौशी शर्यतीतल्या क्रमांकाबद्दल कंपनीने द्यायचं बक्षीस. गाडी तिची असली आणि नाव आधी नोंदवलेलं असलं की स्थानिक शर्यतीतल्या क्रमांकालाही काही ना काही मिळतं. काही कंपन्या ते अशा रूपात देतात की त्यांच्याच डीलरकडे खर्च व्हावं: टायर, चेन, पुढची गाडी. डोळ्यांवर पट्टी बांधून कुणी यात पडत नाही. माणूस हिशेब मांडतो आणि हिशेब जमतो म्हणून टिकतो. जिथे शिडीची पायरी निखळते, ट्रक यायचा थांबतो, डीलर दुकान बंद करतो, तिथे पंधरा वर्षांचा निष्ठावंतही एका हंगामात रंग बदलताना मी पाहिलाय.

रिकी कारमायकेल याच टीम ग्रीनच्या पोरांतला. लहानपणापासून कावासाकीवर वाढला, 2000 आणि 2001 ची मोटोक्रॉस विजेतेपदं त्याने कावासाकीला दिली, आणि 2002 ला लाल होंडावर जाऊन त्याने मोटोक्रॉस हंगामातल्या 24 पैकी 24 शर्यती जिंकल्या. कावासाकीच्या नाकावर टिच्चून. हिरवे ट्रक त्याही उन्हाळ्यात हौशी शर्यतींना गेले, आणि छोट्या केएक्सवरून मोठ्या केएक्सवर चढायला मुलं दारात उभी होतीच.