गाठ फुटते ती क्लिप, पिशवी निघते तो उपचार

‘डॉक्टर पिंपल पॉपर’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातल्या, कातडीखालच्या गाठी काढण्याच्या क्लिप आपल्याकडे फोनवर सर्रास फिरतात आणि त्यांच्यावर ठरावीक चार प्रतिक्रिया उमटतात. पहिली, ‘ई, जेवताना हे कशाला?’ दुसरी, ‘किळस येते, पण बघितल्याशिवाय राहवत नाही.’ या दोन्हींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. किळस वाटणं आणि काहीतरी साफ निघालेलं बघून बरं वाटणं, दोन्ही माणसाच्या स्वभावातच आहे. तिसरी, ‘एवढी मोठी होईपर्यंत हा माणूस झोपला होता का? आंघोळ तरी करतो का?’ आणि चौथी, ‘माझ्याही पाठीवर आहे, आज घरीच दाबून काढतो.’ तिसऱ्या प्रतिक्रियेत दुसऱ्याचा अपमान होतो आणि चौथीत स्वतःला इजा. हे लिहितोय ते या दोन्हींसाठी.

आधी ‘झोपला होता का’ याचं उत्तर. कार्यक्रमातल्या डॉ. सँड्रा ली या कॅलिफोर्नियातल्या अपलँड गावच्या त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचे व्हिडिओ आधी सोशल मीडियावर गाजले, मग 2018 मध्ये टीएलसी वाहिनीवर मालिका सुरू झाली. अमेरिकेत साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी काढणं बहुतेक वेळा सौंदर्योपचारात मोडतं आणि विमा कंपनी पैसे देत नाही. म्हणून सुरुवातीला चित्रीकरणाला परवानगी देणाऱ्या रुग्णांना डॉ. ली खर्चात सवलत देत. पंधरा वर्षं गाठ वागवणारा तो माणूस अनेकदा आळशी नसतो, त्याच्याकडे पैसे नसतात. शिवाय या गाठी दुखत नाहीत, फार सावकाश वाढतात आणि पहिल्यांदा दाखवल्यावर डॉक्टरही म्हणतात, ‘साधी आहे, त्रास नसेल तर राहू द्या.’ हा सल्ला चुकीचा नसतो. पण वाटाण्याचं लिंबू होतं, लिंबाची मोसंबी होते आणि तोवर कॉलरचा शर्ट, मोकळी मान, लग्नातले फोटो सगळं सोडून माणूस गाठ लपवायला शिकलेला असतो.

आता गाठ दाबल्यावर बाहेर येणाऱ्या पिवळट ऐवजाकडे येऊ. बघणारे त्याला पू म्हणतात, चरबी म्हणतात, ‘साठलेली घाण’ म्हणतात. तो यातलं काहीच नसतो. कातडीचा वरचा थर रोज झडत असतो आणि त्या झडणाऱ्या थरात केराटिन असतं, केसांत आणि नखांत असतं तेच. कधी या थराचा एक तुकडा कातडीखाली अडकतो, बहुधा केसाच्या मुळाशी, आणि त्याची बंद पिशवी तयार होते. पिशवीची आतली बाजू म्हणजे कातडीचीच वरची बाजू. ती आतल्या आत झडत राहते, झडलेलं बाहेर पडायला वाट नसते, म्हणून साठतं, ओलसर राहतं, आंबल्यासारखा वास येतो. हिला एपिडर्मॉइड सिस्ट म्हणतात. कित्येक केसपेपरवर अजून ‘सेबेशियस सिस्ट’ लिहिलेलं असतं, पण तेलग्रंथीशी हिचा संबंध नाही. साबणाशी तर अजिबात नाही. ओळखायची खूण म्हणजे गाठीच्या मध्यावर दिसणारा काळा ठिपका, पिशवीचं तोंड.

हे एकदा कळलं की घरी दाबून काय होतं ते समजतं. दाबल्यावर ऐवज येतो आणि पिशवी जागेवरच राहते. कारखाना तसाच चालू, फक्त गोदाम रिकामं. काही महिन्यांत गाठ पुन्हा तेवढीच. हे त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. जास्त वाईट घडतं ते दाब आतल्या बाजूला गेल्यावर. पिशवीची भिंत पातळ असते, ती आत फुटते आणि केराटिन आजूबाजूच्या मांसात सांडतं. शरीराला ते परकं वाटतं, काटा रुतल्यासारखं. एकदोन दिवसांत जागा लालबुंद, गरम, ठणकणारी होते. लोक म्हणतात पिकलं, औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून खातात. पुष्कळदा तिथे जंतुसंसर्ग नसतो, सांडलेल्या केराटिनवरची ती सूज असते आणि गोळ्यांचा उपयोग होत नाही. सूज ओसरल्यावर पिशवी भोवतालच्या मांसाला चिकटून बसते. जी गाठ अखंड सुटून आली असती ती आता तुकड्यातुकड्यांनी काढावी लागते, काप मोठा पडतो, व्रणही मोठा. लाल झालेली गाठ डॉक्टर लगेच काढत नाहीत ते यामुळेच. फार तर पू मोकळा करतात किंवा आत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात आणि चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात. त्याला टाळाटाळ समजू नका.

चेहऱ्यावरच्या गाठीला आणि फोडाला तर हात लावूच नका, विशेषतः नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणात. तिथल्या शिरा डोळ्यामागून थेट कवटीच्या आतल्या रक्तमार्गांना जोडलेल्या आहेत. तिथला संसर्ग मेंदूकडे पोचणं दुर्मीळ आहे, पण पोचला तर जिवावर बेततं.

क्लिपमध्ये दोन मिनिटांत उरकणारं काम प्रत्यक्षात साधारण अर्धा तास चालतं आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग बघायला कंटाळवाणा असतो. आधी जागा सुन्न करायची. आपल्याकडे त्यासाठी लिग्नोकेन वापरतात, त्यात ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, म्हणजे शिरा आकसतात आणि रक्त कमी येतं. औषध आम्लधर्मी असल्यामुळे टोचताना चरचरतं. दहा भागांत एक भाग सोडियम बायकार्बोनेट घातलं तर ती चरचर बरीच कमी होते, पण हे सगळीकडे करत नाहीत. सुई गाठीत घालत नाहीत, गाठीच्या भोवती फिरवतात. आत औषध भरलं तर दाबाने पिशवी फुटते, आणि भोवती भरलं तर तेच औषध पिशवीला मांसापासून थोडं सोडवून ठेवतं. औषधाला मर्यादा असते. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेन वजनाच्या किलोमागे 7 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 2 टक्क्यांचं जेमतेम 21 मिलि. ‘पाचही गाठी आजच काढा’ असं म्हटल्यावर डॉक्टर नकार देतात, त्याचं एक कारण हे.

मग काळा ठिपका मध्ये धरून, कातडीच्या नैसर्गिक रेषांच्या दिशेने, डोळ्याच्या आकाराचा बारीक छेद. तो ठिपका कातडीसह निघायलाच हवा, नाहीतर पिशवीचं तोंड मागे राहतं. त्यानंतर बोथट टोकाच्या वाकड्या कात्रीने पिशवीच्या भोवती वाट करायची. कात्री मिटून आत घालायची आणि उघडत बाहेर घ्यायची, कापायचं जवळपास नाहीच. पांढरी, गुळगुळीत भिंत दिसली की तिच्याच कडेकडेने जायचं. पिशवी अखंड सुटून आली की काम झालं. मोठी असेल तर आधी तीन-चार मिलिमीटरच्या भोकातून ऐवज रिकामा करतात आणि मग पोकळ पिशवी चिमट्यात धरून बाहेर ओढतात. क्लिप नेमकी इथे, ऐवज येताना, थांबते. टाळ्या तिथे पडतात, आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. पिशवी निघाल्यावर राहिलेली पोकळी विरघळणाऱ्या टाक्यांनी आतून मिटवायची, नाहीतर तिथे रक्त साठतं. मग वरचे टाके.

डोक्यावरची गाठ बहुधा वेगळी असते, पायलर सिस्ट. तिला काळा ठिपका नसतो, भिंत जाड असते आणि ती सोललेल्या अंड्यासारखी टुणकन बाहेर येते. एकाच घरात आई, मामा, भाऊ सगळ्यांच्या डोक्यावर असू शकतात, आनुवंशिक आहे ते. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, ही आणखी निराळी. तिच्यात पिळून काढण्यासारखं काही नसतंच, ती अख्खीच चरबीची. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, भराभर वाढणारी, दुखणारी किंवा खोलवर घट्ट बसलेली असेल तर आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय, मगच सुरी. आणि लहान मुलाच्या नाकाच्या मधल्या रेषेवर किंवा डोक्याच्या मध्यावर जन्मापासून असलेली गाठ कुणालाही, अगदी ओळखीच्या डॉक्टरलाही, स्कॅनशिवाय कापू देऊ नका. तिचा धागा कवटीच्या आत गेलेला असू शकतो.

आता ‘आंघोळ’. सर्वांत जास्त बोचणारी प्रतिक्रिया हीच, आणि ती ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्यातले अनेक हायड्राडेनायटिस सुप्युरेटिव्हाचे रुग्ण असतात. काखेत एखादं गळू झालं तर आपल्याकडे काखमांजरी म्हणतात आणि ती बरी होऊन जाते. या आजारात ती पुन्हा पुन्हा होते, काखेत, जांघेत, स्तनांखाली, बसायच्या जागी. केसाचं मूळ बुजतं, आत फुटतं, त्याभोवती दाह होतो, आणि वर्षानुवर्षांच्या दाहातून कातडीखाली बोगदे तयार होतात. त्यातून पू आणि रक्त झिरपतं, कपडे खराब होतात, वास येतो. वास आजाराचा असतो. ही माणसं आपल्यापेक्षा जास्त वेळा आंघोळ करतात, घासून घासून कातडी सोलवटून घेतात, आणि घासल्याने आजार वाढतो. योग्य निदान व्हायला कित्येकांना सात-आठ वर्षं लागतात, कारण दर वेळी वेगळा डॉक्टर एकच गळू बघतो, चिरा देतो आणि घरी पाठवतो. नुसता चिरा दिल्याने इथे भागत नाही, तिथेच परत येतं. बोगद्याचं छत काढून तळ उघडा ठेवून भरू द्यावा लागतो. सुरुवातीच्या टप्प्यात क्लिंडामायसिनचं लोशन, मग डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या काही आठवडे, आणि बळावलेल्या आजारात ॲडॅलिम्युमॅबची इंजेक्शनं, ज्यांना अमेरिकेत या आजारासाठी 2015 मध्ये मान्यता मिळाली. धूम्रपान आणि वजन यांचा संबंध आहे, पण तो डॉक्टरने रुग्णाशी बोलायचा विषय आहे, अनोळखी माणसाला टोमणा मारायचा नाही. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा याच जागी गळवं झाली असतील तर सर्जनच्या आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि रक्तातली साखरही तपासून घ्या.

अंगभर मऊ गाठी असलेल्या न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या रुग्णांना बघून ‘लागण होते का’ असं विचारणारेही असतात. होत नाही. सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला तो बिघाड आहे, साधारण तीन हजार जन्मांमागे एक, आणि निम्म्या रुग्णांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. शेजारी बसल्याने, हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने काही होत नाही.

क्लिप बघून दाबणारे आहेत तसे जुने उपाय करणारेही आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. चामखिळीवर किंवा गाठीवर चुना आणि धुण्याचा सोडा ओला करून लावतात. त्या दोघांचा मिळून कॉस्टिक सोडा होतो, नळ मोकळा करायला वापरतात तोच. चामखीळ जळते, तिच्याखालची कातडीही खोलवर जळते आणि व्रण कायमचा राहतो. बिब्ब्याचं तेल लावलं तर फोड येऊन काळे डाग पडतात आणि पुढे ती ॲलर्जी जन्मभर राहू शकते. शिवाय ज्याला आपण मस समजून जाळतो तो कर्करोग असेल तर तपासायला काही शिल्लकच राहत नाही.

गाठ काढायची ठरवलीत तर खासगी दवाखानाच हवा असं नाही. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत हे काम सर्जरीच्या किंवा त्वचारोगाच्या ओपीडीतून होतं. आधीच सांगा: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह आहे का, पूर्वी कुठल्या जखमेवर व्रण फुगून वाढला होता का. छातीच्या मध्यावर आणि खांद्यावर असे फुगीर व्रण जास्त होतात, तिथली न दुखणारी छोटी गाठ ठेवलेली बरी. काढलेली गाठ फॉर्मलिनच्या बाटलीत पॅथॉलॉजीला जाणार आहे ना, हे विचारा आणि रिपोर्ट स्वतः वाचा. पट्टी पहिले 24 तास ओली होऊ देऊ नका, त्यानंतर साबण-पाण्याने हलकं धुऊन पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. टाके चेहऱ्यावरचे 5 ते 7 दिवसांनी, डोक्यावरचे 7 ते 10, पाठीवरचे 10 ते 14 दिवसांनी काढतात. पाठीच्या टाक्यांवर ताण येतो, तेवढे दिवस बादल्या आणि सिलिंडर उचलू नका. टाके निघाल्यावर जागेवर काही आठवडे कडक वळ लागतो. तो बघून गाठ परत आली म्हणून घाबरून दाबू नका, दोन-तीन महिन्यांत तो मऊ पडतो. खरोखर परत आलेली गाठ सावकाश वाढते, बोटाखाली गोल लागते, आणि तेव्हा जुना रिपोर्ट घेऊन त्याच डॉक्टरकडे जायचं.