आजोळ जरा बघून निवडा

शांततावादी लेखिका व्हायचं मनात असेल, तर निदान जन्म तरी बेताने घ्या. आनेट कोल्ब यांनी तिथेच घोळ घातला. वडील म्युनिकचे, बागांची आखणी करणारे. आई पॅरिसची पियानोवादक. जन्म फेब्रुवारी १८७० चा, आणि जुलैत घर विरुद्ध आजोळ असं युद्ध जुंपलं! अशा पोरीने पाळण्यातच तळ्यात की मळ्यात ते ठरवून टाकावं. या बाई शेवटपर्यंत मधल्या रेघेवर उभ्या राहिल्या.

भाषणाला बोलावलं तर ऋतुमानावर बोला. जानेवारी १९१५ मध्ये, ऐन महायुद्धात, ड्रेस्डेनच्या सभेत यांनी द्वेष पेटवणाऱ्या वर्तमानपत्रांचा समाचार घेतला. सभेत गदारोळ झाला. पुढच्या वर्षी बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या राज्याच्या, युद्धखात्याने त्यांच्या पत्रांवर आणि प्रवासावर बंदी घातली. टपालखर्च वाचला, हा फायदा मात्र कुणी मोजत नाही. १९१७ मध्ये त्या स्वित्झर्लंडला गेल्या.

घर घ्याल ते सीमेजवळ घ्या. हा एक व्यवहार बाईंना साधला होता: जर्मनीतलं बाडनवायलर गाव, फ्रान्स हाकेच्या अंतरावर. १९३३ मध्ये हिटलर आला तसं त्रेसष्टाव्या वर्षी चंबूगबाळं आवरलं आणि पुढे पॅरिस गाठलं.

पळून गेल्यावर तरी गप्प बसावं की नाही? १९३४ मध्ये बर्लिनच्या प्रकाशकाने त्यांची कादंबरी काढली. नाव ‘डी शाउकेल’, म्हणजे झोका (दुसरं काय असणार!). तिच्या एका तळटीपेत ज्यूंचे आभार मानले होते. ती टीप पुढे काढून टाकावी लागली. तेव्हा तळटिपा कोण वाचतं, या भ्रमात राहू नका. हुकूमशहाचे कारकून पुस्तक तिथूनच उघडतात.

१९३६ मध्ये आजोळाने नागरिकत्व दिलं. चारच वर्षांनी घर आजोळी आलं, रणगाड्यांत बसून. मग वयाच्या ७१ व्या वर्षी न्यूयॉर्क. या वयात शहाणी माणसं जिनासुद्धा चढत नाहीत.

एवढं करूनही मानसन्मान हवाच असेल, तर औषधपाणी सांभाळून जगत राहा. १९६६ मध्ये, ९६ व्या वर्षी, बाईंना जर्मनीत मोठा बहुमान मिळाला. मूळचा प्रशियाच्या राजाने काढलेला, रणांगणावर गाजलेला. विद्वान-कलावंतांची शाखा त्याला मागाहून फुटली. नाव ‘पूर ल मेरीत’. अस्सल फ्रेंच.

या खेपेला गदारोळ झाला नाही.