पगारातून कापलं, पण बाकी किती?

या जानेवारीत बडोद्याला गेलो होतो. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या ओट्यावर सेव-उसळ खात बसलो असताना आतेभावाने त्याचा आवडता विषय काढला. तो वकील. पूर्वी सुरसागरजवळच्या न्यायमंदिरात जायचा, २०१८ पासून दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात जातो. सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या तुंबलेल्या दरखास्तींचा हिशेब मागवला आणि आकडा ८ लाख ८२ हजारांवर गेला, हे तो सांगत होता. दरखास्त म्हणजे हुकूमनामा हातात पडल्यावर वसुलीसाठी पुन्हा कोर्टात करायचा अर्ज. निकाल जिंकूनही माणूस पुन्हा रांगेत उभा.

"तुमच्या कॅलिफोर्नियात बघ," तो म्हणाला. "निकाल लागला की शेरीफ, म्हणजे तिथला वसुली अधिकारी, थेट पगारातून उचलतो. खेळ खलास."

मी उसळीत लिंबू पिळत राहिलो. माझ्याच पगारातून उचलले होते हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्यात हे कोणी सांगत नाही. पगारावर जप्ती म्हटले की घराची अब्रूच गेल्यासारखे वाटते, मग जप्ती बडोद्यातली असो की कॅलिफोर्नियातली.

नोकरी गेली होती त्या महिन्यांत क्रेडिट कार्डावर घर चालवले. समन्स जुन्या पत्त्यावर गेले, मी हजर नव्हतो, आणि जानेवारी २०२४ मध्ये ९,६०० डॉलरचा एकतर्फी निकाल लागला. तोवर नवी नोकरी लागली होती. जुलैपासून दर पंधरवड्याला सुमारे ४०० डॉलर कापले जाऊ लागले. कायदा तसा निर्दय नाही. कॅलिफोर्नियात कर कापून उरलेल्या पगाराच्या २० टक्क्यांपर्यंतच हात घालता येतो, आणि पगार बेताचा असेल तर त्याहूनही कमी. एका कर्जापायी जप्ती आली म्हणून मालकाला नोकरीवरून काढता येत नाही, हे केंद्राच्या १९६८ च्या कायद्यातच आहे. तरी पगारखात्यातल्या बाईंनी तो कागद पुढे केला तेव्हा माझे कान तापले होते.

चोविसावी कपात झाली, ९,६०० पुरे झाले. आता व्याजाचे थोडेफार राहिले असेल असे मी धरून चाललो होतो. सावकाराच्या वकिलांचे पत्र आले: बाकी २,४२० डॉलर.

त्या आकड्याची मी रात्री जागून चिरफाड केली. व्याज १० टक्क्यांनी लावले होते. कॅलिफोर्नियात २०२३ पासूनच्या निकालांना, ५०,००० डॉलरच्या आतल्या अशा ग्राहककर्जावर ५ टक्केच लागते. शिवाय दर पंधरवड्याला मुद्दल घटत असताना व्याज मात्र पूर्ण ९,६०० वर, दीड वर्षाचे: १,४४० डॉलर. खर्चापोटी १८०, तो रास्त होता. उरलेले ८०० म्हणजे माझ्याच दोन कपाती. कंपनीने पाठवल्या, शेरीफच्या कचेरीत जमा दिसत होत्या, वकिलांच्या वहीत मात्र पोचल्याच नव्हत्या. तिथल्या नियमाने भरणा आधी खर्चात, मग व्याजात आणि शेवटी मुद्दलात जिरतो. तसा हिशेब मांडल्यावर बाकी साडेसहाशेच्या आसपास येत होती.

या सगळ्यात खरी बाकी कोणाला माहीत होती? पगारखात्याला नव्हती, ते फक्त कापतात. शेरीफ आलेला पैसा पुढे ढकलतो. कोर्टाला किती वसूल झाले हे सहसा सावकार कळवेल तेव्हा कळते. तीन वह्या, आणि त्यांचा मेळ घालायचा तो ज्याचा पगार कापला जातोय त्यानेच. कोर्टाच्या मदतकेंद्रात एका म्हाताऱ्या बाईंनी तक्ता कसा आखायचा ते फुकट शिकवले. पगाराच्या चिठ्ठ्या आणि शेरीफकडचा उतारा जोडून पत्र धाडले. दोन महिन्यांनी दुरुस्त आकडा आला, पैसे भरले, तरी फेडीचा दाखला काही कोर्टात जाईना. लेखी मागणी पोचल्यावर सावकाराने १५ दिवसांत तो दाखल करायचा असतो. मागणी केली तेव्हा कुठे तो निघाला.

हे सारे त्या दिवशी ओट्यावर सांगितले. आतेभाऊ म्हणाला, "मग पावत्या जपायच्या ना. लोकांना सवयच नाही."

इथे माझे त्याच्याशी पटत नाही, आणि माझा साक्षीदार आत झोपाळ्यावर बसला होता. मामा सरकारी कारकून. एका व्यापाऱ्याचे पैसे थकले, १९९३ साली ३८,००० रुपयांचा हुकूमनामा झाला, पगारातून महिन्याला बाराशे जाऊ लागले. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एक तरतूद आहे, जी मला कॅलिफोर्नियात भेटली नाही: एकाच हुकूमनाम्यासाठी पगार एकूण २४ महिनेच जप्त राहू शकतो, पुढे त्या हुकूमनाम्यापुरता तो कायमचा सुटतो. मामांचा तसा सुटला. उरले होते व्याजासकट अकराएक हजार. पण मामा सरळ माणूस. दर दिवाळीला पेढीवर जाऊन हातात पैसे ठेवून आले. पावती मागितली की शेठ म्हणायचे, "चालशे, भाई, चोपड्यात लिहिलंय."

शेठ गेले. मुलाने दरखास्त लावली, कारण हुकूमनामा १२ वर्षे जिवंत असतो आणि सुटतो तो पगार, बाकीची मिळकत नव्हे. कोर्टाबाहेर दिलेला पैसा कोर्टात नोंदवला नाही, तर बजावणी करणारे कोर्ट तो धरत नाही. नोंदीसाठी ऋणकोला मुदत ३० दिवसांची. मामांनी दिलेले पैसे दिलेच नव्हते असे ठरले आणि स्कूटर गेली.

म्हणून वसुली झटपट व्हावी एवढ्याच वादात मला रस नाही. झटपट वसुली मी भोगली आहे. तिथे पैसा वेळेवर निघाला आणि हिशेब चुकला. इथे वसुली रेंगाळली आणि हिशेब बुडाला. मला हवे ते साधे आहे. कोर्टाच्या हुकमाने कापलेल्या प्रत्येक पगाराच्या चिठ्ठीवर व्याजाचा दर, आजवरची जमा आणि बाकी छापून यावी. बाकी सिद्ध करण्याचे ओझे मागणाऱ्यावर असावे, कारण वकील आणि मुनीम त्याच्याकडे असतात.

"पगारपत्रक बनवणारा हे कशाला करील?" आतेभावाने विचारले.

"प्रॉव्हिडंट फंड रुपया-पैशापर्यंत काढतोच की."

"त्याला कायदा आहे."

"मग याला कर. दरखास्ती मोजायला लावल्याच आहेत, तर त्यांतल्या किती जणांनी आधीच फेडलंय तेही मोजायला सांग."

तो दुसरी प्लेट आणायला उठला. मामांनी आतून माझा फोन मागितला. फेडीच्या दाखल्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करून, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिला.

"यावर कोर्टाचा शिक्का कुठाय?"

होता. वरच्या उजव्या कोपऱ्यात, जरा फिकट उमटलेला.