मिठाच्या पाण्यानं हे जंतू मरत नाहीत

बेळगावातल्या आमच्या गल्लीच्या ग्रुपपासून खानापूरच्या पाहुण्यांपर्यंत एकच मेसेज फिरतोय: ‘किनाऱ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू सापडले. गोवा-मालवणची मासळी खाल्ली की कॉलरा. खायचीच असेल तर रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर फ्रिजरमध्ये टाका, जंतू मरतात.’ शेजारच्या वहिनींनी शनिवारी रात्री खरोखरच बांगडे मिठाच्या पाण्यात घालून ओट्यावर ठेवले. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, मला गप्प बसवेना.

‘जंतू सापडले.’ सापडणारच. व्हिब्रिओ कुळातले जंतू समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात मुळातच राहतात, पाणी तापलं की वाढतात.

‘जंतू म्हणजे कॉलरा.’ मेसेजची खरी चूक इथं आहे. व्हिब्रिओ कॉलरी या एका नावाखाली दोनशेहून जास्त गट येतात. मोठ्या साथी आणल्या त्या फक्त दोघांनी, ओ-1 आणि ओ-139 यांनी. ओ-139 तर 1992 मध्ये मद्रास आणि बंगालकडे पहिल्यांदा दिसला. कॉलऱ्याचं विष असतं हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून 1959 मध्ये दाखवलं. त्या विषाची जनुकं जंतूला एका विषाणूकडून मिळतात, हे 1996 मध्ये कळलं. ज्याच्यात हा विषाणू शिरलेला नाही, त्याला ते विष करताच येत नाही. शिवाय कोळंबीच्या कवचातल्या कायटिनवर वाढणारा जंतू आजूबाजूचा डीएनए आत ओढून घेतो. म्हणून एकाच खाडीतल्या बाटलीभर पाण्यात एकाच जातीचे, पण जनुकांनी वेगवेगळे जंतू निघतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या हिरव्या माध्यमाच्या ताटलीवर व्हिब्रिओ कॉलरीसारखा पिवळा ठिपका उठला, तरी त्यात विषाचं जनुक आहे का हे तपासल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. आपल्याकडे कॉलरा येतो तो मुख्यतः सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून. जलवाहिनी फुटली की आधी तिकडे बघा.

‘मीठ मारतं.’ हा सल्ला धोक्याचा आहे. मासळीतून जुलाब-उलट्या करणारा खरा भिडू व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. 1950 मध्ये जपानात ओसाकाला अर्धवट सुकवलेले छोटे मासे खाऊन 272 जण आजारी पडले, 20 दगावले, तेव्हा तो सापडला. याचेही समुद्रातले बहुतेक वाण निरुपद्रवी असतात. पण याला जगायला मीठ लागतंच. समुद्राएवढं, तीनेक टक्के मीठ तर त्याला मानवतं. उबेत दहा मिनिटांच्या आत तो दुप्पट होऊ शकतो. म्हणजे ओट्यावर ठेवलेलं मिठाचं पातेलं त्याला घरच्यासारखं. उलट साध्या गोड्या पाण्यात त्याचा टिकाव लागत नाही, म्हणून मासे नळाच्या धारेखाली धुवा. चवीसाठी हळद-मीठ खुशाल लावा, पण लावून फ्रिजमध्ये ठेवा.

‘फ्रिजर मारतो.’ थंडीत वाढ थांबते, काही मरतात, बरेच तगून राहतात. चोर्ला घाट चढून आलेल्या खोक्यात बर्फ शिल्लक आहे का, हे मात्र जरूर बघा. त्याचं पाणी झालं असेल तर घेऊ नका.

मारते ती आच. कालवण खदखदू द्या. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, तोंडं उघडली तरी चार-पाच मिनिटं आणखी उकळा. यकृताचा आजार असलेल्यांनी कच्ची कालवं खाऊ नयेत, हाताला जखम असेल तर मासे दुसऱ्यानं साफ करावेत. आणि विळी साबणानं धुतल्याशिवाय तिच्यावर काकडी चिरू नका.