माशीच्या वयावरून मुलींना अक्कल शिकवू नका

ग्रुपाग्रुपांत फिरणारा तो फॉरवर्ड शेवटी माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिच्या आत्यानेच पाठवला, खाली हात जोडलेले. मजकूर असा: ‘फळमाशीवरच्या प्रयोगांनी सिद्ध झालंय! मादी जितकी कोवळी तितकी चांगली. वय झालं की नर ढुंकून बघत नाहीत, अंड्यांचा जन्मजात साठा संपतो, पिल्लं सदोष निघतात. बाईचंही तेच. पंचविशीच्या आत उरका.’

आधी साठ्याचं बघू, कारण ती शुद्ध थाप आहे. फळमाशीला असा साठा मिळतच नाही. तिच्या प्रत्येक अंडाशयात पंधरा-वीस नळ्या असतात आणि प्रत्येक नळीच्या टोकाला दोन-तीन मूलपेशी. त्या विभागत राहतात, नवी अंडी बनत राहतात. टिंग शे आणि ॲलन स्प्रॅडलिंग यांनी २००० साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं की एखादी मूलपेशी गळाली तर शेजारची विभागून तिची जागा भरून काढते. वयानुसार हे काम मंदावतं, अंडी घटतात, ठीक. पण बाईची अंडबीजं तिच्या जन्माआधीच तयार होऊन थांबलेली असतात. म्हणजे ज्या बाबतीत दोघींत जमीन-अस्मानाचा फरक, नेमकी तीच पुरावा म्हणून पुढे केली!

‘कोवळी तितकी चांगली’ तर त्याहून विनोदी. कोशातून नुकतीच निघालेली मादी पहिल्या दिवशी नराला दारात उभं करत नाही. तो एक पंख ताणून थरथरवतो, गाणं म्हणतो. ती लाथा झाडते, पळ काढते. तिच्या पोटात पक्व अंडीच नसतात तेव्हा. अंडी घालण्याचा जोर येतो काही दिवसांनी.

नरांचा कल तरुण मादीकडे असतो, अंगावरच्या मेणचट थराच्या वासावरून, हे प्रयोगांत दिसलंय. ‘ढुंकून बघत नाहीत’ हे मात्र पदरचं.

सदोष पिल्लांच्या मुद्द्यात अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य. अंडं पोटात रखडून जुनं झालं की गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते. पण माशीत हे दाखवणाऱ्या २००८ च्या प्रयोगात गुणसूत्रं बांधून ठेवणारं एक प्रथिन आधीच कमी असलेल्या माश्या घेतल्या होत्या. बाईत वयाबरोबर हा धोका वाढतो, तेही खरंच. पण ते बायकांच्याच तपासण्यांतून कळलंय, त्याला माशीची साक्ष कशाला? आणि पंचविशीचा आकडा काढला कुठून? माशी जगते जेमतेम दोन महिने.